पेच कोणी घातला?

"हात लावू नकोस, बिघडेल!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी ज्या घरात उच्चारले जात नाही, असे सुशिक्षित मराठी घर माझ्या पाहण्यात नाही. पूर्वी ते रेडिओच्या बाबतीत उच्चारले जाई, मग ते दूरदर्शन संचाला लागू झाले, आणि आता लॅपटॉपला लागू झाले आहे. वस्तू बदलल्या, वाक्य तेच राहिले. या वाक्याला आपण काळजी म्हणतो, शिस्त म्हणतो, प्रसंगी संस्कारही म्हणतो. माझे म्हणणे असे की हा आपल्या समाजाचा एक जुना रोग आहे. आणि या रोगाच्या जिवावर आता काही मोठ्या कारखानदारांनी आपला धंदा थाटला आहे. हे मोठे विधान मी एका अगदी क्षुद्र वस्तूच्या आधाराने सिद्ध करणार आहे. ती वस्तू म्हणजे लॅपटॉपच्या पाठीवरचा, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा, फिरता न फिरणारा पेच.

दिवाळी अंकाच्या पानांवर स्क्रूला काय काम, असे कोणी विचारील. पण हा शब्द आपण साहित्यिकांनी केव्हाच पळवला आहे. फारसीतून आलेला हा 'पेच' आपल्या कुस्तीत आहे, राजकारणात तो डावपेच म्हणून वावरतो, फेट्याला त्याच्यावाचून शोभा नाही, आणि कादंबरीकाराचे तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पेच पडला, पेच सुटला, पेचात धरले, पेचप्रसंग ओढवला! रूपके आपण घरात घेतली. लोखंडाचा खरा पेच मात्र लोहाराच्या आणि मिस्त्रीच्या दारात सोडून दिला. माझ्या नावापुढे मॅट्रिकपलीकडची पदवी नाही, व्यवसाय मास्तरकीचा आहे आणि छंद कादंबऱ्या लिहिण्याचा. तेव्हा हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्याशीच मला भांडायचे आहे. आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूचे झाकण काढण्याला अधिकार लागतो, ही समजूतच मुळात मला मान्य नाही.

आधी प्रश्न काय आहे तो पाहू. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर गेले. आमच्या निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी ज्यांना परवडले त्यांनी आणि ज्यांना परवडत नव्हते त्यांनीही लॅपटॉप घेतले. कोणी सोयाबीनची पट्टी आल्यावर घेतला, कोणी सोने गहाण टाकून घेतला. स्वस्तातल्या यंत्रांत बहुधा ४ जीबी मेमरी असे. मेमरी म्हणजे यंत्राचे फडताळ नव्हे, तो स्वयंपाकाचा ओटा आहे. फडताळात धान्य कितीही असो, ओटा वीतभर असला की एक भांडे खाली ठेवल्याशिवाय दुसरे वर घेता येत नाही, आणि सगळा वेळ ठेवण्या-उचलण्यात जातो. पुढच्या वर्षांत प्रोग्राम फुगत गेले, ओटा तेवढाच राहिला. यंत्र मंद झाले. घरच्यांनी निदान केले की लॅपटॉप म्हातारा झाला. तशात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, आणि विंडोज ११ तर कित्येक जुन्या यंत्रांना दारातच उभे करीत नाही. वास्तविक अशा यंत्रात मेमरीची आणखी एक पट्टी बसवली आणि लिनक्ससारखी मोफत प्रणाली घातली, तर ते आणखी काही वर्षे लिहिण्या-वाचण्याचे, हिशेबाचे, अभ्यासाचे काम बिनतक्रार करू शकते. मध्ये अडथळा असतो तो झाकणाचा. आणि झाकणाला असतात आठ-दहा पेच.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा असाच लॅपटॉप शहरातल्या एका चकचकीत दुकानात गेला होता. दुकानदाराने तो उलटा केला, दोन पेचांच्या खाचा घासलेल्या पाहिल्या, आणि "हा उघडणार नाही, नवीन घ्या" असा निकाल दिला. तोच लॅपटॉप आमच्या निलंग्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने अर्ध्या तासात उघडला, मेमरी बसवली, आणि वर मला म्हणाला, "सर, पेच हट्टी नसतो, पेचकस चुकीचा राहतो." हा मुलगा दहावीत दोनदा नापास झालेला आहे. त्याच्या या एका वाक्यात जेवढे यंत्रशास्त्र आहे तेवढे आमच्या प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटातही नसेल.

त्याचे म्हणणे शास्त्रावर घासून पाहावे. शाळेच्या विज्ञानात 'साधी यंत्रे' शिकवतात, त्यात उतरण येते. पेच म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेली उतरणच. तिच्या वळशांना आपण आटे म्हणतो. आट्यांमुळे थोड्या बळाने मोठी पकड मिळते, आणि घर्षणामुळे ती पकड आपोआप सुटत नाही. म्हणजे 'न सुटणे' हा पेचाचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. प्रश्न आहे तो त्याच्या डोक्यावरच्या खाचेचा. कारण सोडवणाऱ्याचे सारे बळ या खाचेतूनच पोचायचे असते. लॅपटॉपवर सर्रास दिसणारी चार पाकळ्यांची खाच अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाते. तिची पेटंटे १९३६ ची. जनरल मोटर्सने आपल्या कॅडिलॅक मोटारींसाठी ती प्रथम उचलली. तिचा गुण असा की कारखान्यात यंत्राच्या पेचकसाचे टोक आपोआप तिच्या मध्यावर बसते आणि काम झपाट्याने होते. दोष असा की तिच्या भिंती उतरत्या असल्याने जोर जास्त झाला की पेचकस वर उसळतो आणि जाता जाता खाच खाऊन जातो. म्हणजे ही खाच जन्मापासून आवळणाऱ्याच्या सोयीची आहे. सोडवणाऱ्याचा विचार तिच्यात दुय्यम आहे. ही गोष्ट पुढच्या युक्तिवादासाठी ध्यानात ठेवावी.

आता हा पेच हट्टी का होतो? एक कारण असे की आपल्या घरात जो एकुलता एक पेचकस असतो तो विजेच्या बटणांसाठी घेतलेला असतो, आणि तो या इवल्या खाचेत अर्धाच उतरतो. दुसरे असे की जपानी मापाची खाच दिसायला फिलिप्सची जुळी बहीण, पण घडण किंचित निराळी; तिच्यात फिलिप्सचे टोक नीट बसत नाही. तिसरे कारण आट्यांवर चढवलेला लेप. हादऱ्याने पेच ढिले होऊ नयेत म्हणून कारखान्यात आट्यांना नायलॉनचा किंवा चिकट द्रवाचा निळा ठिपका दिलेला असतो. तो पहिल्या वेळी चांगलाच अडून बसतो. चौथे कारण धूळ आणि घाम. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात या दोहोंची टंचाई नसते.

आणि हा हट्ट मोडतो कसा? यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, खाचेतली धूळ सुईने काढावी. मापाचे टोक घ्यावे. लॅपटॉपला बहुधा फिलिप्सचे शून्य किंवा दोन-शून्य मापाचे लागते. पेचकस अगदी उभा धरून आधी दाब द्यावा, मग फिरवावे, आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यात जोर अधिक असावा. आमचा तो तरुण पेच आधी केसभर आवळतो आणि मग सोडवतो. लेपाची पकड तुटायला तेवढा झटका पुष्कळ होतो. खाच थोडी घासली असेल तर तिच्यावर रुंद रबर ताणून धरावे आणि त्याच्यावरून पेचकस दाबावा. रबर रिकाम्या जागा भरून काढते. लेप फारच घट्ट असेल तर डाख देण्याच्या सळईचे तापलेले टोक काही सेकंद पेचाच्या डोक्यावर टेकवावे. उष्णतेने लेप मऊ पडतो. मात्र खाली बॅटरी असेल त्या जागी हा प्रयोग करू नये. खाच अगदीच गुळगुळीत झाली असेल तर बारीक कानशीने डोक्यावर आडवी चीर पाडावी आणि सपाट पेचकस चालवावा, परंतु लोखंडाचा चुरा आत जाणार नाही अशा बेताने. काहीच चालले नाही तर उलट फिरणाऱ्या गिरमिटाने डोकेच उडवावे. झाकण सुटते, आणि उरलेला खुंट चिमट्याने फिरवून काढता येतो.

पेच निघाले की ते कागदावर झाकणाचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवावेत. लांबी निरनिराळी असते, आणि आखूड भोकात लांब पेच आवळला तर तो खालच्या मदरबोर्डला भोसकतो. मेमरीला हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. दोन बाजूंच्या कड्या बाहेर सरकवल्या की पट्टी आपण होऊन तिरपी उभी राहते. नवी पट्टी तशीच तिरपी घालायची, खाचेला खाच जुळवायची, आणि टिक् असा आवाज होईपर्यंत दाबायची. पट्टी त्याच जातीची हवी. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, कारण खाचेची जागाच निराळी असते.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगितले ते एवढ्याचसाठी की यात गूढ म्हणून काहीही नाही. जी बाई पुरणाची पोळी न फाटू देता तव्यावर टाकते, जो शेतकरी पंपाचा फुटबॉल्व्ह विहिरीत उतरून बदलतो, त्यांच्या हातांना हे काम जड नाही. तरीही ते होत नाही. का होत नाही? कारण आपल्याला भीती घातलेली आहे.

ही भीती घालणाऱ्यांनी आता पेचालाही कामाला लावले आहे. २००९ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या एका मॅकबुक प्रोच्या बॅटरीसाठी पाच पाकळ्यांची खाच असलेला पेच वापरला, आणि पुढे तो आयफोन ४ च्या तळाशी आला. सहा टोकांचा टॉर्क्स पेच १९६७ पासून जगाला माहीत होता. तो घसरत नाही, खाच खात नाही. मजबुतीच हवी होती तर तो हात जोडून उभा होता. मग पाच पाकळ्या कशाला? ज्याचा पेचकस त्या वेळी बाजारात कोणाकडेच नाही असा पेच लावण्याचा हेतू मजबुतीचा असतो की कुलपाचा, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही. अर्थात जगात कारागीर मेले नव्हते. कॅलिफोर्नियात २००३ साली सुरू झालेल्या आयफिक्सिट या दुरुस्तीच्या संस्थेने त्या मापाचे पेचकस विकायला काढले, आणि आज ते आमच्या तालुक्याच्या बाजारातही मिळतात. तेव्हा कुलपाची पुढची आवृत्ती निघाली. २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये मेमरी मदरबोर्डलाच डाख देऊन चिकटवलेली आली. त्याच कंपनीच्या पातळ एअरमध्ये ती २००८ पासूनच तशी होती. इतरांनीही हा कित्ता गिरवला, आणि आज अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी अशीच जखडलेली असते. तिथे पेच काढूनही उपयोग नाही. हट्टी पेच निदान दाराची कडी होता; इथे दारच चिणून टाकलेले आहे. घेताना ८ जीबी घेतली तर जन्मभर ८. अधिक हवी असेल तर दुकानातच, कारखानदार सांगेल त्या भावाने, आज घ्या. पुढे गरज वाढली तर नवे यंत्र घ्या.

या पद्धतीच्या कैवाऱ्यांचे काही आक्षेप आहेत, ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, ग्राहकालाच पातळ आणि हलके यंत्र हवे असते. असेल, पण त्या ग्राहकाला 'हे पातळ आहे, म्हणून पुढे वाढणार नाही' असे विकताना कोणी सांगितले होते काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कमी विजेवर चालणारी जलद मेमरी प्रोसेसरच्या अगदी शेजारी डाख देऊन बसवली तरच तिचा वेग मिळतो, असे इंजिनिअर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु तथ्य असले म्हणजे तो शेवटचा शब्द होत नाही. मेमरीची मापे ठरवणाऱ्या जेडेक या जागतिक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ हे नवे माप प्रसिद्ध केले. त्यात तीच जलद मेमरी चपट्या पट्टीवर बसवून पेचांनी मदरबोर्डवर आवळता येते. २०२४ साली लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेतल्या एका लॅपटॉपात ती प्रत्यक्ष आली. फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीने तर २०२१ पासून असे लॅपटॉप विकायला काढले की त्यांच्या खोक्यात पेचकसही सोबत येतो, आणि तळाचे पेच सुटले तरी झाकणातून गळून पडत नाहीत. तेव्हा 'होत नाही' आणि 'करायचे नाही' यांतला फरक आता झाकून राहिलेला नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. लिथियमची बॅटरी टोचली तर पेट घेते, म्हणून सामान्य माणसाने उघडू नये. बॅटरी धोक्याची असते हे खरेच. पण ज्या देशात घरोघर बायका गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर स्वतः बदलतात, त्या देशाला हा उपदेश करण्याचा शहाजोगपणा कोणी करू नये. आपण गॅसला भिऊन चूल बंद केली नाही. रेग्युलेटर कसा लावायचा ते शिकलो, शिकवले, आणि तो सर्वत्र एकसारखा असावा अशी व्यवस्था केली. चौथा आक्षेप हमीचा. 'हे लेबल फाटल्यास हमी रद्द' असा कागदाचा कपटा पेचावर चिकटवलेला असतो, आणि त्या कपट्याला आपण न्यायालयाचे सील समजून घाबरतो. अमेरिकेत १९७५ सालापासून हमीविषयीचा कायदा आहे. त्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली, की आमच्याकडेच दुरुस्ती करा नाहीतर हमी बुडेल, अशी अट घालता येत नाही. मग तो कपटा इथे एवढा बलवान का?

आणि हे विचार पश्चिमेकडून उसने आणले आहेत असेही कोणी समजू नये. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे लाख रुपये! त्याच्या अटी आजच्या प्रत्येक यंत्रकारागिराने पाठ कराव्यात अशा आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्र निदान वीस वर्षे चालले पाहिजे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचाहून अधिक होता कामा नये. महाराष्ट्रातून किर्लोस्करांचाही चरखा या स्पर्धेत उतरला होता. सर्व अटी पुऱ्या न झाल्याने बक्षीस कोणालाच मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. पण दुरुस्ती ही यंत्राच्या व्याख्येतच असते, ती मागाहून सुचलेली दया नव्हे, हा विचार या देशात शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता. चरख्याच्या राजकारणाशी कोणाचे पटो वा न पटो, ही अट यंत्राच्या वैऱ्याने घातलेली नाही. ती यंत्र वापरणाऱ्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याने घातलेली आहे.

याहूनही मागे जायचे तर त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथाकडे जावे. नांगर मोडला तर तो सांधणारा सुतार आणि फाळ बोथटला तर तो पाजवणारा लोहार गावातच असे, आणि त्याचे बलुते सुगीला ठरलेले असे. या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. तिने कारागिराला जातीच्या खुंटीला बांधले, त्याच्या हाताला किंमत दिली नाही, आणि ती मोडली हे बरेच झाले. पण मोडताना आपण भलतीच चूक केली. जातीची बेडी तोडायची होती आणि कारागिरी सर्वांच्या हाती द्यायची होती. आपण सोयीस्करपणे कारागिरी टाकून दिली आणि तिच्याविषयीचा तुच्छभाव मात्र जपून ठेवला. गावात लोहार होता तेव्हा नांगर निदान गावात दुरुस्त होत होता. आज ट्रॅक्टरच्या पोटातही संगणक बसला आहे. अमेरिकेत दुरुस्तीवरच्या मक्तेदारीवरून डीअर या ट्रॅक्टर कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला. लॅपटॉपच्या पेचावर जो आज गप्प बसेल त्याने उद्या पेरणीच्या दिवशी बांधावर बंद पडलेल्या ट्रॅक्टरपाशी बसून रडू नये.

कायद्याचे आपल्याकडे काय चालले आहे? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग खुल्या बाजारात न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, पण तत्त्व नोंदले गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टलही उघडले गेले. हे चांगलेच झाले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर दुरुस्तीची माहिती ठेवता येते. मेमरीला डाख देणाऱ्याचा हात तिथून धरता येत नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसकट काही वस्तूंवर 'ही किती दुरुस्त होऊ शकते' याचे दहापैकी गुण दुकानातच लावण्याची सक्ती केली. विद्यार्थ्यांना गुण देण्यात आपला हात जगात कोणी धरणार नाही; मग वस्तूंना गुण देताना आपल्याला संकोच का वाटावा?

माझी मागणी फार नाही. ज्या पेचाचा पेचकस खुल्या बाजारात मिळत नाही तो पेच विक्रीच्या वस्तूवर नसावा. मेमरी, साठवणीची तबकडी आणि बॅटरी या तीन गोष्टी न तोडता-फोडता बदलता आल्या पाहिजेत. आणि जिथे ते करायचेच नसेल तिथे खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत, 'याची मेमरी कधीही वाढवता येणार नाही' असे छापले पाहिजे. केवळ झाकण उघडले म्हणून हमी बुडता कामा नये. आणि दुरुस्तीची पुस्तिका व सुटे भाग कंपनीच्या केंद्राइतकेच आमच्या बाजारातल्या त्या तरुणालाही मिळाले पाहिजेत. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा झाला नाही, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या ढिगाऱ्यात जिवंत गाडलेली यंत्रे किती असतील याचा ज्याने त्याने विचार करावा.

पण सगळे खापर कारखानदारांच्या माथी फोडून मोकळे होणे ही आपली आवडती पळवाट आहे, आणि ती मी वाचकांना देणार नाही. कुलूप त्यांनी लावले. ते उघडण्याची इच्छा आपण आपल्या मुलांच्या मनातून काढून टाकली. आमच्या जिल्ह्याचा 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रात गाजला. बाहेरगावची मुले लातुरात खोल्या घेऊन राहतात, रात्रंदिवस प्रश्न सोडवतात, आणि डॉक्टर-इंजिनिअर होतात. त्यांच्या कष्टाची थट्टा मी करणार नाही. दुष्काळी भागातल्या मुलांनी मिळवलेले ते यश आहे. तथापि बलाच्या आघूर्णावरची अवघड उदाहरणे जो मुलगा दोन मिनिटांत सोडवतो, त्याच्या हाती पेचकस दिला तर तो कोणत्या दिशेने फिरवायचा हे त्याला आठवावे लागते. ही त्याची चूक नव्हे. आघूर्ण वहीत असते आणि पेचकस मिस्त्रीकडे असतो, हे आपणच त्याला शिकवले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. तो विचार आपण हारतुरे घालून भिंतीवर टांगला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याचे, सांगितलेले आहेत. त्या दहा दिवसांत मुलांना सुतारापाशी, गवंड्यापाशी आणि दुरुस्तीवाल्यापाशी बसवावे. प्रत्येक शाळेच्या भंडारात बंद पडलेली यंत्रे धूळ खात पडलेली असतात. त्यांच्याहून स्वस्त प्रयोगशाळा कोणती? बिघडलेलेच ते, आणखी काय बिघडणार?

दसऱ्याच्या सुमारास, खंडेनवमीला, आपण हत्यारांची पूजा केली असेल. नांगर-कोयत्याशेजारी आता लॅपटॉपही मांडला जातो. त्याला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल मिळते. पण नांगराची पूजा करणारा नांगराचे सगळे भाग नावानिशी जाणत होता. लॅपटॉपची पूजा करणाऱ्याला त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याचे धैर्य नाही. ज्याच्या आत डोकावायला आपण भितो ते हत्यार राहत नाही, त्याचा देव होतो; आणि देव झाला की पुजारी येतो, दक्षिणा येते, आणि 'हात लावू नका' अशी पाटी येते.

या पाडव्याला अनेक घरांत नवा लॅपटॉप येईल. मडके घेताना आपल्या आज्या ते वाजवून घेत असत, आणि कुंभाराला त्याचा राग येत नसे. तेव्हा दुकानात लॅपटॉप उघडून पडदा पाहण्यापूर्वी तो उलटा करावा, पेच पाहावेत, आणि दुकानदाराला विचारावे: याची मेमरी बदलता येते काय, आणि पेचकस कोणत्या मापाचा लागतो? दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर पुढच्या दुकानात जावे. मिळाले, तर यंत्राबरोबर तो पेचकसही घ्यावा, आणि घरी आल्यावर तो मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावा.